‘गरजेनुसार बदलू’ एवढ्यावर मुदतवाढ देऊ नका : अणुऊर्जा नियामकांना खुले पत्र

प्रति,
अणुवीज केंद्रांच्या मुदतवाढीचा निर्णय घेणारे नियामक मंडळांचे सर्व सदस्य,
देश कोणताही असो.

मान्यवर,

सप्रेम नमस्कार.

जगात आज चारशेहून अधिक अणुभट्ट्या वीज देत आहेत आणि त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश भट्ट्यांनी वयाची तिशी ओलांडली आहे. यापुढे आपल्या टेबलावर नव्या केंद्रांपेक्षा जुन्यांच्या मुदतवाढीचे अर्ज जास्त येणार, हे उघड आहे. ४० वर्षांची ६० झाली; २०१९ मध्ये अमेरिकेतल्या टर्की पॉइंटला ८० वर्षांपर्यंतचा पहिला परवाना दिला गेला. मुदतवाढीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. चाळीस हा आकडा पोलादाने किंवा काँक्रीटने सांगितलेला नव्हताच. अमेरिकेत तो ठरला भांडवलाची परतफेड आणि मक्तेदारीविरोधी धोरण यांच्या हिशेबातून. चांगले चालणारे केंद्र निव्वळ तारीख उलटली म्हणून बंद करा, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. मुदतवाढीच्या कागदपत्रांत मानाचे पान मिळते ते दाबपात्राला, म्हणजे अणुइंधन ज्या जाड पोलादी भांड्यात असते त्याला. न्यूट्रॉनच्या माऱ्याने पोलाद किती ठिसूळ झाले, आत ठेवलेल्या नमुन्यांच्या चाचण्या काय सांगतात, याची पानेच्या पाने असतात. ती असलीच पाहिजेत, कारण दाबपात्र बदलता येत नाही. पाइप, वाफजनित्रे, काँक्रीट यांचीही नीट चौकशी होते. त्यानंतर येते इन्स्ट्रुमेंटेशन आणि कंट्रोल, म्हणजे भट्टीत काय चालले आहे ते सांगणारी आणि वेळ आली तर तिला बंद करणारी सगळी यंत्रणा. तिच्या वाट्याला बहुतेक वेळा ‘गरजेनुसार बदलण्यात येईल’ अशा अर्थाचे एखादे वाक्य येते. मी उमेदीची सगळी वर्षे याच उपकरणांच्या देखभालीत घालवली, आणि हे वाक्य मला कधीच पटलेले नाही.

त्यामागे आळस आहे असे मी म्हणत नाही; त्याला नियमाचा आधार आहे. अमेरिकेचा परवाना-नूतनीकरणाचा नियम, म्हणजे फेडरल नियमावलीच्या दहाव्या शीर्षकातला भाग ५४, १९९५ मध्ये सुधारला गेला. ज्यांच्या वयाची वेगळी छाननी करायची गरज नाही अशा वस्तूंची त्यात नावनिशीवार यादी आहे : दाबाचे ट्रान्समीटर (दाब मोजून त्याचा विद्युत संकेत पाठवणारी उपकरणे), पातळीदर्शक, रिले (विजेच्या संकेताने चालणारे स्विच), साधे स्विच, ट्रान्झिस्टर, सर्किट बोर्ड, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, पॉवर सप्लाय. केबल तेवढ्या छाननीत राहिल्या. तर्क असा की जी वस्तू हलते किंवा अवस्था बदलते तिची झीज तिच्या कामात दिसते. नेहमीच्या देखभालीत ती सापडेल, आणि सापडली की वस्तू बदलता येईल. इतर अनेक देशांत दर दहा वर्षांनी सगळ्या केंद्राचा सुरक्षा-आढावा घेतात, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या (आयएईए) २०१८ च्या मार्गदर्शिकेत तंत्रज्ञान कालबाह्य होण्याचाही विचार आहे. तरी मनातला तर्क सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच. त्यात दोन गृहीतके आहेत. बिघाड दिसेल, हे एक. दिसला की हातात पर्याय असेल, हे दुसरे.

पहिल्याचे काय होते ते १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मिलस्टोन केंद्राच्या तिसऱ्या युनिटमध्ये दिसले. तिथले रोझमाउंट कंपनीचे पाच दाबमापक ट्रान्समीटर त्या वर्षी काही महिन्यांत निकामी निघाले. या ट्रान्समीटरच्या आत एक सीलबंद कोश असतो. त्यात सिलिकॉन तेल असते आणि बाहेरचा दाब या तेलातूनच आतल्या संवेदक पडद्यापर्यंत पोहोचतो. सीलमधून ते तेल अगदी हळूहळू झिरपत होते. तेल कमी झाले म्हणून ट्रान्समीटर बंद पडत नाही. तो आकडा देत राहतो. केंद्र स्थिर भारावर चालू असताना तो आकडा खराही वाटतो. फक्त दाब झपाट्याने बदलला की ट्रान्समीटर मागे पडतो, आणि पुढे एका मर्यादेनंतर त्याला बदल कळतच नाही. म्हणजे ज्या क्षणासाठी तो तिथे बसवला, नेमक्या त्याच क्षणी तो कुचकामी. प्रकरण इतके गंभीर ठरले की अमेरिकेच्या नियामक आयोगाने १९९० मध्ये सर्व केंद्रांसाठी बुलेटिन काढले. आणि ते युनिट म्हातारे नव्हते. व्यापारी उत्पादन सुरू होऊन त्याला जेमतेम एक वर्ष झाले होते. उपकरणांचे वय कॅलेंडरवर मोजता येत नाही, याचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

अशी झीज नेहमीच्या कॅलिब्रेशनमध्ये का निसटते, हे आमच्या वर्कशॉपमधला कुणीही सांगेल. कॅलिब्रेशन करताना आपण ट्रान्समीटरला ठरावीक दाब देतो, आकडा स्थिरावेपर्यंत थांबतो, मग नोंद करतो. थांबतो, इथेच सगळे आले. अपघातात थांबायला वेळ नसतो. सुरक्षा-विश्लेषणात प्रत्येक मोजमापाला काही सेकंद किंवा सेकंदाचा काही अंश दिलेला असतो आणि त्या हिशेबावर ट्रिपचे सेटपॉइंट, म्हणजे भट्टी आपोआप बंद करण्याच्या ठरवलेल्या मर्यादा, उभे असतात. प्राथमिक शीतकाचे, म्हणजे भट्टीची उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाचे, तापमान मोजणारा प्लॅटिनमचा आरटीडी (विद्युतरोधावरून तापमान सांगणारा संवेदक) घ्या. तो थर्मोवेलमध्ये, म्हणजे पाइपात घुसवलेल्या बंद टोकाच्या नळीत, बसतो. त्याचे टोक आणि थर्मोवेलची भिंत यांच्यात कंपनाने किंवा काढघाल करताना किंचित फट पडली, तर तापमान अचूकच दिसते, पण उशिराने. ट्रान्समीटरपर्यंत दाब पोहोचवणाऱ्या बारीक नळीत, म्हणजे सेन्सिंग लाइनमध्ये, गाळ किंवा बोरॉन साचला तरी तेच : आकडा बरोबर, वेळ चुकीची.

यावर उपाय नाहीत असेही नाही. आरटीडीच्या तारांतून थोडा जास्त करंट सोडून तो कसा तापतो हे पाहिले, तर उपकरण जागेवरून न हलवता त्याचा प्रतिसादकाळ, म्हणजे बदल दाखवायला लागणारा वेळ, काढता येतो. तेही केंद्र चालू असताना, कॅबिनेटपाशी उभे राहून. दाबाच्या ट्रान्समीटरच्या बाबतीत प्रक्रियेतच सतत चालणारी बारीक चढउतार नोंदवून तिचे विश्लेषण करतात; सेन्सिंग लाइन तुंबली असेल तर तेही त्यात कळते. या पद्धती गेली काही दशके वापरात आहेत. तरीही कित्येक ठिकाणी दर शटडाउनला प्रत्येक ट्रान्समीटर खोलून, दाब देऊन, पुन्हा जोडायचा जुना परिपाठ चालतो. त्यातले बहुसंख्य ट्रान्समीटर मर्यादेतच निघतात, आणि काही वेळा खोलण्या-जोडण्यातच नवा दोष शिरतो. इतकी मेहनत करून प्रतिसादकाळ मात्र मोजायचा राहतो. (दोष तंत्रज्ञांचा नाही. प्रपत्रात जो रकाना नसतो तो भरला जात नाही.)

चुकीचा पण विश्वासार्ह दिसणारा आकडा काय करू शकतो याबद्दल एकच दाखला देतो, आणि तो झिजेचा नाही हेही आधीच स्पष्ट करतो. फुकुशिमा दाइइचीच्या पहिल्या भट्टीला चाळीस वर्षांनंतर आणखी दहा वर्षे चालवायला फेब्रुवारी २०११ मध्ये मंजुरी मिळाली होती. ११ मार्चला त्सुनामी आली, वीज गेली, कंट्रोल रूम अंधारात बुडाली. कर्मचाऱ्यांनी वाहनांच्या बॅटऱ्या काढून आणून पातळीदर्शकाला जोडल्या. रात्री सव्वानऊच्या सुमारास वाचन मिळाले : पाणी इंधनाच्या माथ्यापेक्षा २०० मिलीमीटर वर. प्रत्यक्षात तोवर इंधन उघडे पडून वितळू लागले होते, असे नंतरच्या विश्लेषणांत दिसले. पातळी मोजताना जिच्याशी तुलना होते त्या संदर्भनळीतले पाणीच उष्णतेने उडून गेले होते, त्यामुळे काटा वर दिसत होता. उपकरण तुटले नव्हते. त्याची मोजायची अटच मोडली होती, आणि ते त्याला सांगता येत नव्हते.

आता केबल. त्या छाननीत आहेत, म्हणून निश्चिंत राहावे असे वाटेल. मला वाटत नाही. एका केंद्रात शेकडो किलोमीटर केबल असते आणि तिचे आवरण पॉलिमरचे : इथिलीन प्रॉपिलीन रबर, क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन, जुन्या केंद्रांत कुठे कुठे पीव्हीसी. उष्णता, ऑक्सिजन आणि प्रारण मिळून ते कडक करतात. ताणल्यावर ते मूळ लांबीच्या निम्म्यानेही वाढेनासे झाले की उपयोगाची हद्द आली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एवढे कडक झालेले आवरणसुद्धा रोजच्या कामात चालते. कुणी हात लावला नाही तर वर्षानुवर्षे चालेल. प्रश्न आहे तो अपघातात कंटेनमेंटमध्ये, म्हणजे भट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीत, वाफ भरेल त्या दिवसाचा. आवरणाला पडलेल्या चिरांतून तेव्हा ओल आत जाईल, आणि भट्टीची खबर देणारा काही मिलीअँपिअरचा क्षीण प्रवाह वाटेतच कमी-जास्त होईल.

या केबल चाळीस वर्षे टिकतात हे कसे ठरले? प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये काही आठवडे भाजून आणि थोड्या वेळात मोठी प्रारणमात्रा देऊन. जास्त तापमानावरचे आठवडे म्हणजे कमी तापमानावरची वर्षे, हा हिशेब अऱ्हेनियसच्या समीकरणाने करतात आणि त्यातला सक्रियण ऊर्जेचा (तापमानाने झीज किती झपाट्याने वाढते ते ठरवणारा) आकडा थोडा इकडेतिकडे केला की उत्तर कित्येक वर्षांनी सरकते. शिवाय प्रारण घाईघाईने दिले तर ऑक्सिजनला आवरणाच्या आतपर्यंत पोहोचायला सवड मिळत नाही. पृष्ठभाग झिजतो, गाभा शाबूत राहतो. प्रत्यक्ष केंद्रात तीच मात्रा सावकाश मिळते आणि गाभ्यापर्यंत झीज होते. प्रयोगशाळेतला निकाल वास्तवापेक्षा सौम्य निघण्याची शक्यता त्यामुळे राहते. म्हणूनच आवरणाचा कडकपणा जागेवर, केबल न कापता तपासणाऱ्या पद्धती निघाल्या, आणि काही केंद्रांनी सुरुवातीपासूनच गरम जागी जादा केबल ठेवून दिल्या, ठरावीक वर्षांनी त्यांचे तुकडे काढून तपासायला. ज्यांनी ठेवल्या त्यांच्याकडे आज पुरावा आहे. बाकीच्यांकडे समीकरण आहे.

दुसऱ्या गृहीतकाकडे येतो. हातात पर्याय असेल. कुणाच्या हातात?

अणुकेंद्राचे आयुष्य साठ वर्षे धरले, तर बाजारात एखादी इलेक्ट्रॉनिक चिप त्यातली मूठभर वर्षेच मिळते. २०१३ मध्ये कॅनडातून एक जाहिरात निघाली : अणुकेंद्रातल्या यांत्रिक हातांचे नियंत्रण करणाऱ्या पीडीपी-११ संगणकांसाठी असेम्ब्ली भाषा जाणणारे प्रोग्रामर हवेत, आणि हे काम २०५० पर्यंत चालणार आहे. पीडीपी-११ बाजारात आला १९७० मध्ये. लोक त्यावर हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. तिथे निदान कुणीतरी २०५० पर्यंतचा विचार केला होता आणि तो उघडपणे बोलून दाखवला होता.

बाकी ठिकाणी काय चालते? मूळ कंपनीने उत्पादन थांबवलेले असते, विकली गेलेली असते किंवा नावच उरलेले नसते. मग बंद पडलेल्या केंद्रांतून इलेक्ट्रॉनिक सर्किटची कार्डे मिळवणे, जुन्या साठ्यातले भाग शोधणे, नकाशे नसताना कार्ड उलगडून तसेच दुसरे बनवून घेणे. स्टोअरमध्ये सुटे भाग आहेत असे रजिस्टर म्हणते. पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कपाटातही म्हातारा होतो. वर्षानुवर्षे विद्युतदाब न मिळाल्याने त्यातला ऑक्साइडचा थर कमकुवत पडतो. रबरी ओ-रिंगही कपाटात कडक होते. चालू पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचे गणित तर आणखी कडक : तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे, असा ठोकताळा आहे. कॅबिनेटमधला एक पंखा बंद राहिला तर किती वर्षे गेली, हे कुणी लिहून ठेवत नाही. सतत ऊर्जित असलेल्या रिलेचेही तसेच. शेजारी त्याच दिवशी बसवलेला पण एरवी थंड असणारा रिले ठणठणीत असतो आणि हा आतून करपलेला.

मिलस्टोनच्याच तिसऱ्या युनिटमध्ये एप्रिल २००५ मध्ये भट्टी अचानक ट्रिप झाली आणि सुरक्षा-इंजेक्शनही, म्हणजे भट्टीत आपत्कालीन पाणी सोडणारी यंत्रणाही, सुरू झाले. कारण निघाले संरक्षण यंत्रणेच्या एका कार्डावर डायोडपाशी वाढलेला कथलाचा केसाएवढा तंतू. शुद्ध कथलाच्या मुलाम्यावर असे तंतू आपोआप उगवतात. पूर्वी मुलाम्यात शिसे असायचे, त्याने ते रोखले जात. आज जगभरच्या इलेक्ट्रॉनिक्समधून शिसे गेले आहे. म्हणजे जुने कार्ड काढून नवे बसवले की सगळी काळजी मिटते असे नाही. नव्याबरोबर त्याची स्वतःची झीज येते.

आणि पर्याय मिळाला तरी तो खरा आहे कशावरून? दक्षिण कोरियात २०१३ मध्ये सुरक्षा-दर्जाच्या कंट्रोल केबलचे चाचणी-दाखले खोटे निघाले. चालू भट्ट्या थांबवून केबल बदलाव्या लागल्या. टंचाई वाढते तशी अशा दाखल्यांची किंमत वाढते, हे नियामकांना मी सांगायला नको.

मग सगळेच डिजिटल करून टाका, असे सुचवणारे भेटतात. डिजिटल व्हायलाच हवे, पण ते ‘गरजेनुसार बदलू’ या वाक्यात मावणारे काम नाही. अमेरिकेतल्या ओकोनी केंद्राने २०११ मध्ये पहिल्या युनिटची संरक्षण यंत्रणा पूर्ण डिजिटल केली; त्यासाठी परवान्याचीच वेगळी आणि प्रदीर्घ प्रक्रिया करावी लागली. संरक्षणाच्या चार स्वतंत्र वाहिन्यांत एकच सॉफ्टवेअर असेल तर एकच चूक चौघांत असते, आणि चारपैकी दोन वाहिन्यांच्या मतावर भट्टी बंद करणारी पद्धत तिथे काही कामाची नाही. अमेरिकेतल्याच ब्राउन्स फेरी केंद्राच्या तिसऱ्या युनिटमध्ये ऑगस्ट २००६ मध्ये नेटवर्कवरच्या जादा रहदारीने पंपांचे डिजिटल नियंत्रक अडकले आणि चालकांना भट्टी हाताने बंद करावी लागली. तिथल्याच डेव्हिस-बेसी केंद्रात जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाचा संगणकी किडा शिरला आणि सुरक्षा-मापदंड दाखवणारा पडदा जवळजवळ पाच तास बंद राहिला. भट्टी तेव्हा बंद होती हे नशीब. आणि ज्याला किडा लागला नाही तो जुना अॅनालॉग दर्शक तेवढ्यात काम देत राहिला. मला अॅनालॉगचे गोडवे गायचे नाहीत. पण बदल म्हणजे स्वतंत्र अभियांत्रिकी प्रकल्प असतो, त्याला वर्षे लागतात, आणि ती वर्षे मुदतवाढीच्या आधी मोजायला हवीत, नंतर नव्हे.

माणसांबद्दल एकच सांगतो. एखादा सेटपॉइंट अमुकच का, एखाद्या कार्डाला अमुक क्रमानेच वीज का द्यायची, हे अनेकदा कागदावर नसते. ज्यांना ठाऊक होते ते निवृत्त झाले किंवा होत आहेत. उपकरणांच्या झिजेची नोंद ठेवणारी वही आहे; या झिजेची नाही.

मान्यवर, माझे मागणे एका वाक्यात मावते : मुदतवाढीच्या प्रत्येक अर्जात इन्स्ट्रुमेंटेशन आणि कंट्रोलचे स्वतंत्र प्रकरण सक्तीचे करा आणि ते जनतेला वाचायला खुले ठेवा. सायबर सुरक्षेच्या नावाखाली ते सरसकट झाकू नका. कुठल्या कॅबिनेटमध्ये कुठले फर्मवेअर (उपकरणातच भरलेले सॉफ्टवेअर) आहे हे कुणी विचारत नाही. सुरक्षा वाहिन्यांतल्या आरटीडी आणि ट्रान्समीटरचा प्रतिसादकाळ जागेवर शेवटचा कधी मोजला आणि तो विश्लेषणात गृहीत धरलेल्या आकड्याच्या किती जवळ आला, एवढे तरी त्यात असावे. सर्वांत गरम आणि सर्वाधिक प्रारण असलेल्या जागांतल्या केबलची प्रत्यक्ष मोजलेली स्थिती असावी, समीकरणातून आलेली नव्हे. ज्यांचे उत्पादन थांबले आहे अशा कार्डांची यादी, प्रत्येकाचे किती सुटे नग चाचणी करून ठेवले आहेत, आणि सध्याच्या बिघाडाच्या वेगाने ते मुदतवाढीतल्या कितव्या वर्षी संपतील हा हिशेब असावा. तो हिशेब मुदतीच्या आधी संपत असेल, तर बदलाचा आराखडा, त्याचे वेळापत्रक आणि तोवरची तात्पुरती व्यवस्था अर्जासोबतच मागा. मुदतवाढ तेवढ्याच वर्षांची द्या जेवढ्या वर्षांचा हिशेब जुळतो. पुढची वर्षे आराखडा पुरा झाला की द्या.

केंद्रचालक म्हणतील, खर्च वाढेल. वाढेल. त्यांतल्या अनेकांकडे ही माहिती आहेच, देखभाल विभागाच्या फायलींत आणि एखाद्या वरिष्ठ तंत्रज्ञाच्या डायरीत विखुरलेली. ती एकत्र करायला कुणी सांगितलेले नाही. ज्यांच्याकडे ती मुळातच नाही, त्यांचा अर्ज तेवढ्यावरून मागे पाठवायला हरकत नसावी.

नियम बदलायला वर्षे लागतात याची मला कल्पना आहे. त्यासाठी थांबायची गरज नाही. आपल्यासमोर येणाऱ्या पुढच्याच अर्जाला जी प्रश्नावली जाईल, तीत वरचे प्रश्न घालण्याचा अधिकार आजही आपल्याकडे आहे. आपण ते घातले की नाही, आणि आलेल्या उत्तरांचे काय केले, हे आपल्या संकेतस्थळावर कळवावे, ही विनंती.

आपला,
इन्स्ट्रुमेंटेशन विभागातून निवृत्त झालेला एक अभियंता